संत्र्यावरची हिरवी बुरशी: जीनोम वाचून पॅकहाऊसच्या हाती काय लागतं?

पेशीभित्ती

काढणीनंतर संत्री, मोसंबी, लिंबू सडवणाऱ्या बुरश्यांमध्ये पेनिसिलियम डिजिटॅटम, म्हणजे हिरवी बुरशी, सगळ्यांत पुढे आहे. तिचा जीनोम, म्हणजे पूर्ण डीएनएचा मजकूर, २०१२ मध्ये स्पेनमधल्या व्हॅलेन्सिया आणि बार्सिलोनाच्या संशोधकांनी प्रसिद्ध केला. पीएचआय२६ आणि पीडी१ असे दोन वाण (एकाच बुरशीचे उपप्रकार) त्यांनी मुद्दाम निवडले होते, कारण बुरशीनाशकांना दाद देण्याच्या बाबतीत ते एकमेकांपासून वेगळे होते. पुढच्याच वर्षी चीनच्या चच्यांग विद्यापीठाच्या गटाने इमाझालिल या बुरशीनाशकाला न जुमानणाऱ्या वाणांचा जीनोम अभ्यासला.

आकडे असे: जीनोम सुमारे २.६ कोटी बेसचा (बेस म्हणजे डीएनएचं एक अक्षर), जनुकं ९ हजारांच्या आसपास. पेनिसिलिन देणाऱ्या पेनिसिलियम क्रायसोजेनमचा जीनोम सुमारे ३.२ कोटी बेसचा आहे आणि त्यात साडेबारा हजारांहून जास्त जनुकं आहेत. एकाच कुळातल्या दोन बुरश्यांत एवढा फरक असतो, बहुधा हिरवी बुरशी जवळजवळ फक्त लिंबूवर्गीय फळांवर जगते आणि तिला बाकीचा पसारा लागत नाही म्हणून. सफरचंद सडवणाऱ्या पेनिसिलियम एक्स्पान्समकडे पॅट्युलिन हे विष बनवणारा १५ जनुकांचा पूर्ण गट आहे. हिरव्या बुरशीकडे तो नाही आणि ती पॅट्युलिन बनवत नाही. (म्हणून सडका भाग कापून उरलेलं फळ खावं, असा अर्थ कुणी काढू नये. ती ट्रिप्टोक्वियालानिनसारखी वेगळी संयुगं बनवते.)

माझं म्हणणं आधीच सांगतो. या जीनोमचा आपल्याकडे सर्वांत मोठा उपयोग एकच आहे: कोणतं औषध निकामी झालंय ते हंगाम सुरू व्हायच्या आत कळणं. बाकी पुष्कळ गोष्टी अभ्यासाला सुंदर आहेत, त्यांवरही बोलूच.

काटोल_पॅकहाऊस

चांगला विषय घेतलात. आंबिया बहाराचा माल आला की हाच प्रश्न असतो. बुडवणीच्या टाकीत औषध मात्रेप्रमाणे आहे, मेण नीट बसलंय, तरी पेटी उघडली की चार-पाच दिवसांत पांढरी गोल चकती आणि मध्ये हिरवी भुकटी. दोन प्रश्न. औषध कमी पडलं की बुरशी निर्ढावली, हे जीनोमवरून कसं कळणार? आणि ही बुरशी धडधाकट फळात शिरते कुठून?

पेशीभित्ती

दुसऱ्या प्रश्नापासून घेऊ. धडधाकट सालीतून ती शिरत नाही. जखम लागतेच. नखाचा ओरखडा, कात्रीचं टोक, शेजारच्या फळाचा लांब राहिलेला देठ, क्रेटच्या तळाची वाळू, एवढं पुरतं. प्रयोगशाळेत जखम करतात ती १ मिमी रुंद आणि २ मिमी खोल असते. तेवढ्यात सालीतल्या तेलाच्या ग्रंथी फुटतात. या तेलातल्या लिमोनीनसारख्या उडनशील घटकांनी हिरव्या आणि निळ्या (पेनिसिलियम इटॅलिकम, हीही संत्री सडवते) बुरशीचे बीजाणू उलट जोमाने रुजतात, तर एक्स्पान्समचे त्याच तेलाने दबतात. फळाचं संरक्षण करणारं तेलच या बुरशीला ‘इथे रुजा’ म्हणून सांगतं.

रुजल्यावर ती सायट्रिक आणि ग्लुकोनिक आम्ल सोडून भोवतालचा सामू खाली आणते. आम्लात तिची पॉलिगॅलॅक्ट्युरोनेझ ही विकरं जोरात चालतात, पेशींना धरून ठेवणारं पेक्टिन विरघळतं आणि साल बोटाने दाबली तर आत जाते. शिवाय जखम झाल्यावर फळ स्वतःच्या बचावासाठी हायड्रोजन पेरॉक्साइड तयार करतं, तोही प्रतिसाद ही बुरशी दाबते.

२४ अंशांच्या आसपास ती सर्वांत वेगाने वाढते. त्या तापमानाला जखम झाल्यापासून साधारण २४ तासांत औषध पोचलं तर उपयोग, ४८ तास उलटले तर तंतू इतके आत गेलेले असतात की बुडवणी वरवरचीच ठरते. सकाळी तोडलेला माल बांधावर रात्रभर पडून दुसऱ्या दिवशी संध्याकाळी टाकीत गेला, की निम्मी लढाई तिथेच हरतो.

अनुक्रमणी

पहिल्या प्रश्नाचं उत्तर मी देते, कारण अनुक्रम वाचताना इथेच बरेच जण फसतात.

थायाबेन्डाझोल. हे औषध बुरशीच्या बीटा-ट्युब्युलिन या प्रथिनाला चिकटतं. या जनुकाच्या २००व्या कोडॉनमध्ये (एका अमिनो आम्लाचा तीन अक्षरी संकेत) टीटीसी बदलून टीएसी झालं की फेनिलअलानिनच्या जागी टायरोसिन येतं आणि औषध चिकटतच नाही. फक्त एक अक्षर. १९८व्या कोडॉनमधले बदलही याच कामाचे, तेही बघावेत. अशा वाणाला मात्रा दुप्पट केली तरी काही होत नाही.

इमाझालिल. हे औषध बुरशीच्या पेशीपटलाला लागणारं एर्गोस्टेरॉल बनवणाऱ्या सीवायपी५१ विकराला रोखतं. हिरव्या बुरशीत या जनुकाच्या ए, बी आणि सी अशा तीन प्रती आहेत. इथे बदल बहुतेक वेळा जनुकात होत नाही, त्याच्या आधीच्या नियंत्रक पट्ट्यात, म्हणजे प्रमोटरमध्ये होतो. जपानी गटाने २००० मध्ये दाखवलं की संवेदनशील वाणात ‘ए’च्या प्रमोटरमधला १२६ बेसचा तुकडा एकदाच असतो, निर्ढावलेल्या वाणात तो लागोपाठ पाच वेळा असतो. दुसऱ्या प्रकारात त्याच पट्ट्यात १९९ बेसचा उपरा तुकडा घुसलेला असतो. तिसऱ्या प्रकारात तसाच १९९ बेसचा तुकडा ‘बी’च्या प्रमोटरमध्ये बसतो. तिन्हींचा परिणाम सारखा: विकर प्रमाणाबाहेर तयार होतं आणि औषध पुरत नाही.

याशिवाय औषध पेशीबाहेर फेकणारी पीएमआर१, पीएमआर५ ही वाहक प्रथिनं आहेत. त्यांचा वाटा आहे, पण रोजच्या तपासणीत प्रमोटर आधी बघायचा.

बहारदार

ताई, मग पूर्ण जीनोम वाचायचाच कशाला? पीसीआर (डीएनएचा हवा तेवढाच तुकडा वाढवून बघणं) करून मोकळं व्हावं की.

अनुक्रमणी

पॅकहाऊससाठी अगदी बरोबर, पीसीआरच करावा. ‘बी’च्या प्रमोटरभोवती प्राइमर (वाढवायच्या तुकड्याची टोकं ठरवणारे छोटे डीएनए) लावले की संवेदनशील वाणाची पट्टी ठरलेल्या लांबीची येते, निर्ढावलेल्याची तिच्याहून १९९ बेसने मोठी. २ टक्के ॲगरोजच्या जेलवर डोळ्यांनी फरक दिसतो. ‘ए’मध्ये एक प्रत आणि पाच प्रती यांतला फरक ५०४ बेसचा, तो तर आणखी स्पष्ट. प्रत्येक जेलवर एक माहीत असलेला संवेदनशील आणि एक निर्ढावलेला नमुना सोबत चालवा, नाहीतर अंधुक पट्टीवरून वाद होतात.

ट्युब्युलिनच्या बाबतीत एक काळजी घ्या. प्रजाती ओळखण्यासाठी बीटा-ट्युब्युलिनचा जो तुकडा वाढवतात तो २००व्या कोडॉनपर्यंत स्वच्छ वाचला जाईलच असं नाही. प्राइमर मागवण्याआधी संदर्भ अनुक्रमावर बसवून बघा. आणि ओळख फक्त आयटीएस या बुरश्या ओळखायच्या नेहमीच्या डीएनए तुकड्यावर करू नका. पेनिसिलियममध्ये तो प्रजाती नीट वेगळ्या करत नाही. ट्युब्युलिन किंवा कॅल्मोड्युलिनचं जनुक घ्या.

पूर्ण जीनोम वाचायचा तो पीसीआरला काहीच सापडत नाही आणि तरी बुरशी औषध मिसळलेल्या थाळीत (पेट्री डिशमध्ये) वाढते तेव्हा.

बहारदार

तो वाचायचा झाला तर डीएनए काढण्यापासून टप्पे सांगाल का? आमच्या महाविद्यालयातली मुलं करू पाहताहेत. प्रत्येक वेळी डीएनए चिकट येतो.

पेशीभित्ती

चिकटपणा बहुशर्करांचा आहे. असं करा.

एकाच बीजाणूपासून वाढवलेली वसाहत घ्या. फळावरून थेट खरवडलेल्या नमुन्यात दोन वाण किंवा निळी बुरशी मिसळलेली असते, आणि मग जीनोमचा खिचडा होतो. बटाटा-डेक्स्ट्रोज द्रवात बीजाणू सोडा, २५ अंशांवर १५० फेऱ्यांच्या शेकरवर २ ते ३ दिवस ठेवा. त्याहून जास्त नको, जुन्या तंतूंत शर्करा वाढत जाते. हिरवे बीजाणू डीएनएसाठी वापरू नका, त्यांची भिंत कडक असते आणि रंगद्रव्य पुढच्या विकरांना त्रास देतं.

तंतू मलमलच्या कापडातून गाळा, थंड निर्जंतुक पाण्याने धुवा आणि टिपकागदात दाबून कोरडे करा. द्रव नायट्रोजनमध्ये खलात पिठासारखे बारीक वाटा. सुमारे १०० मिग्रॅ पुडीला सीटॅब (पेशी फोडून डीएनए सोडवणारं) द्रावण घालून ६५ अंशांवर ३० ते ६० मिनिटं, मधूनमधून हलक्या हाताने उलटं-सुलटं करत ठेवा. क्लोरोफॉर्म-आयसोअमाइल अल्कोहोल २४:१ दोनदा. वरचा थर घेताना लोभ नको, मधल्या पांढऱ्या थराला टोक लागलं की सगळं पुन्हा आलं. आरएनेझ (आरएनए काढायला), आयसोप्रोपॅनॉल, ७० टक्के इथेनॉलने धुणं, आणि शेवटी बफरमध्ये विरघळवणं.

प्रकाश शोषणाचं २६०/२८० (नॅनोमीटर) गुणोत्तर १.८च्या आसपास हवं. चिकटपणाचं खरं माप २६०/२३०. ते २च्या जवळ नसेल तर शर्करा राहिली आहे. उच्च क्षाराच्या द्रावणात पुन्हा अवक्षेपण करा.

अनुक्रमणी

पुढचा हिशोब. जीनोम २.६ कोटी बेस, १०० पट व्याप्ती (प्रत्येक बेस सरासरी १०० वेळा वाचणं) हवी तर २६० कोटी बेसचा विदा, म्हणजे डेटा. १५० बेसच्या दुहेरी वाचनात एका जोडीत ३०० बेस मिळतात, म्हणजे साधारण ८७ लाख जोड्या. एवढ्याने जनुकं चांगली मिळतात. बुरशी एकगुणी (गुणसूत्रांचा एकच संच) आहे, त्यामुळे जुळणीत, म्हणजे वाचनं जोडून जीनोम उभा करताना, दोन प्रतींचा गुंता नाही. नवशिक्यांसाठी हा जीनोम खरंच उत्तम.

पण आपल्याला हवी ती जागाच छोट्या वाचनात मोडते, हे लक्षात घ्या. १२६ बेसच्या पाच प्रती म्हणजे ६३० बेस. १५० बेसच्या वाचनाला त्या पाच आहेत की एक हे कळत नाही, आणि जुळणी करणारी प्रणाली त्या एकावर एक रचून एकच दाखवते. अहवालात ‘संवेदनशील’ लिहिलं जातं आणि बुरशी मात्र थाळीत मजेत वाढत असते. ओळखायची खूण अशी: मूळ वाचनं परत जुळणीवर बसवा आणि त्या तुकड्यावरची व्याप्ती बघा. भोवती १०० पट आणि तिथे एकदम ५०० पट दिसली तर पाच प्रती आहेत. १९९ बेसच्या तुकड्याचंही तसंच. तो जीनोममध्ये अनेक ठिकाणी आहे, म्हणून जुळणी बरोबर त्याच जागी तुटते. प्रमोटर तुकड्याच्या टोकाला संपलेला दिसला तर तो गाळू नका, तिथेच पीसीआर लावा.

परवडत असेल तर लांब वाचनाचा ४०-५० पट विदा सोबत घ्या. त्यासाठी डीएनए यंत्रावर जोरात घुसळायचा (व्होर्टेक्स) नाही आणि बारीक टोकाच्या पिपेटने ओढायचा नाही.

जुळणी झाल्यावर तीन गोष्टी बघा. एकूण लांबी २.५ ते २.६५ कोटींच्या दरम्यान आहे का? ३ कोटींच्या वर गेली तर नमुन्यात दुसरं काही आहे, बहुधा जिवाणू किंवा निळी बुरशी. दुसरं, बुस्कोची (असायलाच हवीत ती जनुकं सापडतात का याची) तपासणी युरोशियालीस, म्हणजे पेनिसिलियमच्या गणाच्या, संचावर करा, सगळ्या बुरश्यांच्या ढोबळ संचावर नको. तिसरं, सुमारे २९ हजार बेसचा एक गोल तुकडा प्रचंड व्याप्तीचा निघेल. तो मायटोकॉन्ड्रियाचा आहे, दूषित म्हणून टाकून देऊ नका.

बहारदार

आभारी आहे, हे छापून भिंतीवर लावतो. आणखी एक शंका. नागपूर, जालना, स्पेन, कॅलिफोर्निया इथल्या हिरव्या बुरश्या वेगवेगळ्या असतील ना? मग स्पेनच्या जीनोमवरून बेतलेले प्राइमर आपल्याकडे चालतील का?

पेशीभित्ती

चालतील असंच धरून सुरुवात करा. २०१६ मध्ये हिरव्या बुरशीची आणि एक्स्पान्समची जीनोम पातळीवर तुलना झाली. एक्स्पान्सममध्ये भरपूर विविधता आणि जनुकांच्या अदलाबदलीच्या खुणा मिळाल्या. हिरव्या बुरशीत वेगवेगळ्या ठिकाणच्या वाणांतही विविधता फारच थोडी निघाली. ती अलीकडच्या काळात फळांच्या व्यापाराबरोबर झपाट्याने पसरली असावी, हे त्याचं पटण्यासारखं स्पष्टीकरण आहे. लैंगिक प्रजननाला लागणाऱ्या जनुकांचा संच तिच्याकडे आहे, पण नेहमीचा प्रसार बीजाणूंनीच होतो.

मला यातली महत्त्वाची गोष्ट वेगळी वाटते. इतकी एकसारखी असूनही ती औषधांना निर्ढावते, कारण त्यासाठी विविधतेची गरजच नाही. एका सडक्या फळावर १ ते २ अब्ज बीजाणू असतात. त्यात २००व्या कोडॉनचा बदल आपोआप झालेला एखादा बीजाणू असणं मुळीच अवघड नाही. टाकीतलं औषध त्याची निवड करतं, आणि सडकी फळं त्याच शेडमध्ये निवडली की तो पुढच्या मालावर बसतो. हे चक्र शेडमध्ये चालतं, बागेत नव्हे.

काटोल_पॅकहाऊस

बागेतही चालतं असं मला वाटतं. तोडणीआधी कार्बेन्डाझिमची फवारणी कित्येक जण करतात.

पेशीभित्ती

मुद्दा अगदी रास्त, माझं वाक्य अपुरं होतं. कार्बेन्डाझिम, थायोफॅनेट-मिथाइल आणि थायाबेन्डाझोल ही एकाच गटातली. थायोफॅनेट-मिथाइलचं तर झाडावर कार्बेन्डाझिमच होतं. तिघांचं लक्ष्य तेच बीटा-ट्युब्युलिन. बागेत कार्बेन्डाझिम मारायचं आणि पॅकहाऊसमध्ये थायाबेन्डाझोलच्या टाकीत बुडवायचं, म्हणजे एकाच गटाचं औषध दोनदा दिलं. बागेतून येणारे बीजाणू आधीच निवडलेले असतात. बागायतदाराला पावतीवर शेवटच्या दोन फवारण्या लिहायला सांगा आणि टाकीतलं औषध त्यावरून ठरवा. इमाझालिल आणि प्रोपिकोनॅझोल यांच्या बाबतीतही हेच, दोन्हींचं लक्ष्य सीवायपी५१.

फ्लुडिऑक्सोनिल आणि पायरिमेथॅनिल यांची लक्ष्यं वेगळी आहेत, म्हणून आलटून-पालटून वापरात ती येतात. काढणीनंतर फळावर काय चालतं हे माल कुठल्या बाजारात जाणार त्यावर अवलंबून असतं. लेबल आणि आयातदार देशाची अवशेष मर्यादा बघितल्याशिवाय यातलं काहीही टाकीत घालू नका.

काटोल_पॅकहाऊस

पीसीआर आमच्याकडे नाही. साध्या थाळीवर काही कळतं का?

पेशीभित्ती

उत्तम कळतं, आणि ते सर्वांनी करावंच. जवळच्या कृषी महाविद्यालयात एका आठवड्याचं काम आहे.

बटाटा-डेक्स्ट्रोज ॲगर वितळवून ५० अंशांपर्यंत थंड होऊ द्या. मग औषध मिसळा, गरम असताना नको. इमाझालिल दर मिलीला ०.१ मायक्रोग्रॅम, थायाबेन्डाझोल दर मिलीला १० मायक्रोग्रॅम. बाजारातलं मेणमिश्रित द्रावण नको, शुद्ध घटक हवा. इमाझालिल इथेनॉलमध्ये, थायाबेन्डाझोल डीएमएसओमध्ये विरघळवा आणि थाळीतलं द्रावकाचं प्रमाण ०.५ टक्क्याच्या आत ठेवा. फक्त द्रावक घातलेली एक थाळी तुलनेसाठी हवीच.

२५-३० सडकी फळं वेगवेगळ्या पेट्यांतून घ्या: आवक मालातून काही, शीतगृहातून काही, नाकारलेल्या ढिगातून काही. प्रत्येकाचे बीजाणू वेगळ्या नळीत, ट्वीन-८० या साबणासारख्या द्रवाच्या ०.०५ टक्के पाण्यात. ते नसेल तर बीजाणू पाण्यावर तरंगतात, मिसळत नाहीत. दर मिलीला साधारण १ लाख बीजाणूंचं द्रावण करून १० मायक्रोलिटरचा थेंब थाळीवर ठेवा. २५ अंशांवर ४-५ दिवस. ०.१च्या इमाझालिल थाळीवर संवेदनशील वाण जवळजवळ वाढत नाही. तिथे ठसठशीत वसाहत आली तर तो वाण वेगळा ठेवून पीसीआरला पाठवा.

यातून ‘औषध कमी पडलं की बुरशी निर्ढावली’ याचं थेट उत्तर मिळतं. सगळे वाण संवेदनशील निघाले तर दोष टाकीत किंवा वेळेत आहे: द्रावण पातळ झालं, फळ ओलं असतानाच मेण लावलं, की तोडणीपासून उशीर झाला.

सालपट

सोडा बायकार्बचं पाणी कितपत चांगलं? रसायन कमी करायचं असेल तर तोच मार्ग सुचवतात.

पेशीभित्ती

चांगला आहे, पण मर्यादा ओळखून. १०० लिटर पाण्याला ३ किलो सोडियम बायकार्बोनेट, ३५ ते ४० अंश, १ ते २ मिनिटं. वर आम्लाचं सांगितलं ना, त्याच जागी हे काम करतं: जखमेतला सामू वाढतो, बुरशीची विकरं मंदावतात. मात्र बीजाणू मरत नाहीत, फक्त थबकतात. त्यामुळे तेच पाणी दिवसभर वापरलं की टाकी बीजाणूंनी भरते. पाण्यात २०० पीपीएम क्लोरीन राखा. क्लोरीन पाण्यातले बीजाणू मारतं, जखमेतल्यांपर्यंत पोचत नाही. ते काम सोड्याचं. बाहेर काढल्यावर साध्या पाण्याचा हलका फवारा द्या, नाहीतर सालीवर क्षार राहून फळ सुरकुततं. जोरात धुतलं तर जखमेतला सोडाही निघून जातो. उद्या होणाऱ्या जखमेला याचं काहीच संरक्षण नाही, म्हणून बुडवणीनंतरची हाताळणी सांभाळा.

एक चांगली जोड अशी की सोड्यासोबत इमाझालिल दिलं तर निर्ढावलेल्या वाणांवरही परिणाम सुधारतो.

अनुक्रमणी

जीनोममधून निघालेली एक आशादायक गोष्ट इथे नोंदवते. हिरव्या बुरशीत एएफपीबी नावाचं छोटं बुरशीरोधक प्रथिन बनवणारं जनुक सापडलं. मूळ वाण ते जवळपास बनवतच नाही. एक्स्पान्समकडे अशी तीन प्रथिनं आहेत आणि त्यातलं एएफपीए हिरव्या बुरशीला चांगलं दाबतं. व्हॅलेन्सियाच्या गटाचं हे काम आहे. बाजारात मागायला जाऊ नका, पण बुरशीचा जीनोम वाचून बुरशीविरोधी प्रथिन मिळतं हे लक्षात ठेवावं असं आहे.

काटोल_पॅकहाऊस

शीतगृहात ५ ते ७ अंशांवर ठेवलं तर बुरशी थांबते ना?

पेशीभित्ती

मंदावते, मरत नाही. बाहेर काढून ट्रकमध्ये २५-३० अंशांना आलं की राहिलेलं काम पूर्ण करते. थंडीत निळी बुरशी, पेनिसिलियम इटॅलिकम, तुलनेने जास्त टिकाव धरते आणि एका फळातून लगतच्या फळात स्पर्शाने शिरत जाते. महिनाभर ठेवलेल्या मालात निळे पुंजके दिसतात ते त्यामुळे. हिरवी सहसा शेजारच्या फळावर फक्त भुकटी टाकते. ते फळ पुसता येतं, पण भुकटी उडाली की पूर्ण खोली दूषित. आणखी एक, हिरवी बुरशी इथिलीन सोडते. पेटीतल्या एका सडक्या फळाने बाकीची लवकर जुनी होऊन त्यांचे देठ सुटायला लागतात.

सडकी फळं उचलताना पिशवी फळावर उलटी घालून उचला, हाताने काढून टोपलीत टाकू नका. ढीग शेडपासून दूर आणि वाऱ्याच्या खालच्या बाजूला. क्रेट परत बागेत पाठवण्याआधी क्लोरीनच्या पाण्याने धुतलेच पाहिजेत. आणि तोडणीला कात्री, देठ फळाच्या सपाटीला कापलेला. पिळून ओढलं की देठाशी साल फाटते, आणि ती जखम बुडवणीतही नीट झाकली जात नाही.

बहारदार

थाळीवर वेगळे निघालेले वाण किती दिवस टिकवता येतील? पुढच्या हंगामाशी तुलना करायची आहे.

अनुक्रमणी

बीजाणू २० ते ३० टक्के ग्लिसरॉलमध्ये घालून उणे ८० अंशांवर ठेवा, वर्षानुवर्षं टिकतात. उणे ८० नसेल तर ॲगरच्या तिरप्या नळीवर ४ अंशांना काही महिने चालतं, पण सारखं नव्या थाळीवर उतरवत राहू नका, गुणधर्म बदलतात. नळीवर तारीख, बागेचं गाव, बहार, शेवटची फवारणी, टाकीतलं औषध आणि थाळीवरच्या वसाहतीचा व्यास मिमीमध्ये लिहा. पुढच्या हंगामात त्याच मात्रेवर त्याच तापमानाला पुन्हा मोजा, आणि जुना नमुना नव्याच्या शेजारी त्याच दिवशी चालवा.